डाव्या पायाची सुट्टी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

गेल्या वर्षी माझ्या मुलीला गाडी घ्यायची होती, म्हणून आम्ही नगरच्या एका शोरूममध्ये गेलो. नगर म्हणजे अहमदनगर, 2024 पासूनचं अहिल्यानगर. आमच्या तोंडी मात्र आपलं ‘नगर’च. मुलीनं मॉडेल पसंत केलं, रंग ठरला, हप्त्यांचं गणितही बसलं. मग मी आपलं सहज विचारलं, “ही गिअरचीच आहे ना?” विक्रेता मुलगा नम्रपणे म्हणाला, “नाही सर, या मॉडेलला मॅन्युअल येत नाही. गिअरची हवी असेल तर खालचं मॉडेल घ्यावं लागेल. हे फक्त ऑटोमॅटिक.” माझा चेहरा पाहून मुलगी म्हणाली, “अब्बा, गाडी मी चालवणार आहे. मला कुठं गिअरची हवीय?”

मी गप्प बसलो. पण मनात काहीतरी अडकून राहिलं. माझे वडील ट्रक ड्रायव्हर. क्लीनर म्हणून ते 1952 साली गाडीवर चढले, तेव्हा चौदा वर्षांचे होते, आणि 1996 साली उतरले. आमच्या घरात पीठ, मीठ, पुस्तकं, माझी बी.ए.ची फी, बहिणींची लग्नं हे सगळं त्या गिअरच्या दांड्यानं आणलं. आणि आता पैसे जास्त मोजले तर तो दांडा मिळत नाही, कमी मोजले तर मिळतो, असा काळ आला. हा दांडा आला कुठून, त्यानं आपल्याकडे राज्य कसं केलं, आणि तो जातोय तो कोणत्या वाटेनं, हे आज आपल्याला सांगायचं आहे. या गोष्टीत आमच्या नगरचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा आहे.

गिअर कशासाठी?

आधी थोडं समजून घेऊ. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला एक खोड आहे. ते अगदी हळू फिरत असताना त्याच्यात ओढण्याची ताकद नसते. उभी गाडी हलवायची, चढ चढायचा, म्हणजे ताकद हवी आणि वेग थोडा. सपाट रस्त्यावर वेग हवा आणि ताकद थोडी. इंजिनाची फिरण्याची गती आणि चाकांची गती यांचा हा हिशेब जुळवण्यासाठी लहानमोठ्या दातेरी चाकांच्या जोड्या लागतात, त्या म्हणजे गिअर. आणि जोडी बदलताना इंजिनाला चाकांपासून क्षणभर सोडवावं लागतं, त्यासाठी क्लच. क्लच डाव्या पायात, गिअर डाव्या हातात. ड्रायव्हरचं निम्मं अंग असं गुंतलेलं.

1890 च्या दशकात फ्रान्समधल्या पानार आणि लव्हासोर यांच्या कारखान्यानं इंजिन पुढे, मग क्लच, मग सरकत्या दात्यांची गिअरपेटी, अशी मांडणी रूढ केली. पुढची शंभर वर्षं जगातल्या बहुतेक गाड्या थोड्याफार फरकानं याच मांडणीवर धावल्या. सुरुवातीच्या पेटीत एक मोठी अडचण होती. वेगवेगळ्या गतीनं फिरणारे दाते एकमेकांत घालायचे, तर ते कर्रकन घासायचे. दोन्हींची गती आधी सारखी करून देणारी ‘सिंक्रोमेश’ ही युक्ती अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत 1928 साली आली. पण ट्रक-बसपर्यंत ती पोहोचायला फार वर्षं लागली. तोवर ती गती जुळवायचं काम ड्रायव्हरचा कान आणि पाय करत होते. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला किंचित ठोसा द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. याला आमच्याकडे ‘डबल क्लच मारणं’ म्हणत. ज्याला ते जमलं तो ड्रायव्हर. बाकीचे नुसते गाडी चालवणारे.

1 जून 1948

महाराष्ट्राच्या एसटीचा जन्म नगरच्या रस्त्यावर झाला, हे पुष्कळांना ठाऊक असेल. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे–नगर मार्गावर धावली. बेडफर्ड कंपनीची, लाकडी बांध्याची, तीस आसनांची गाडी. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही नावं एसटीच्या इतिहासात नोंदली गेली आहेत. नगरमध्ये माळीवाड्याच्या बाजूनं जाताना जुनी माणसं अजून त्या गाडीची आठवण काढतात.

मला मात्र नेहमी कुतूहल वाटतं ते त्या काळच्या ड्रायव्हरांच्या डाव्या हाताचं. सुरुवातीच्या काळात एसटीकडे एका जातीच्या गाड्या नव्हत्याच. शेव्हरोलेट, फोर्डसन, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बिअन, लेलँड, कॉमर, फियाट, अशा दहाएक कंपन्यांच्या बसगाड्या एकत्र नांदत होत्या. प्रत्येकीचा क्लच वेगळ्या उंचीवर धरणार, प्रत्येकीच्या गिअरची चाल वेगळी. आज लेलँडवर, उद्या स्टुडबेकरवर अशी ड्यूटी लागली, की हाताला रात्रीतून नवी भाषा शिकावी लागे. समोर इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा नाही, रस्ता खडीचा, पावसाळ्यात चिखलाचा. अशा रस्त्यांवरून त्या माणसांनी खेडी तालुक्याला आणि तालुके शहराला जोडले.

उस्तादाची शाळा

माझे अब्बा खासगी ट्रकवर होते. नगरहून कांदा, गूळ, साखर भरायची आणि माळशेज घाट उतरून मुंबई गाठायची. पुढं टाटा-मर्सिडीज गाडी त्यांच्या हाती आली. टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून 1954 पासून जमशेदपूरला ते ट्रक बनवायला घेतले होते. अब्बा त्या गाडीबद्दल असं बोलत, जसं एखादा शेतकरी आपल्या खिलार बैलाबद्दल बोलतो.

ड्रायव्हिंगची शाळा तेव्हा नव्हती, उस्ताद होता. क्लीनर म्हणून लागलेल्या पोरानं पहिली दोन वर्षं गाडी धुवायची, टायर काढायचे, आणि घाटात गाडी दमली की मागच्या चाकाखाली दगड लावायला धावायचं. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पण कान उघडे ठेवायचे. उस्ताद कधी गिअर बदलतो, त्याआधी इंजिन काय आवाज करतं, हे ऐकत राहायचं. मग एके रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्ताद म्हणायचा, “आ, बैठ.” अब्बा सांगत, गिअर हातानं टाकायचा नसतो, कानानं टाकायचा असतो, हात नंतर जातो.

त्यांचा दुसरा नियम घाटाचा. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडणारे ड्रायव्हर पुष्कळ असत. न्यूट्रलमध्ये इंजिनाची पकड सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि एका वळणावर लागेनासे होतात. अब्बांचा एक जोडीदार असाच गेला. तेव्हापासून ते उताराला लागले की दुसरा गिअर टाकून बिडी पेटवत आणि मागच्यांना खुशाल हॉर्न वाजवू देत. गिअर म्हणजे पुढं जायचं साधन, असं आपण समजतो. त्यांच्या लेखी ते आवरायचं साधन होतं.

1986 साली, मी अठराचा झालो तेव्हा, अब्बांनी मला एका ओळखीच्या माणसाच्या ॲम्बेसेडरवर गाडी शिकवली. तिचा गिअर स्टिअरिंगला लागून होता. आमच्या थोरल्या भावाला त्यांनी ट्रकवरच तयार केलं. मोहल्ल्यातली आठ-दहा पोरं त्यांच्या हाताखाली शिकून पुढं आखाती देशांत ड्रायव्हर म्हणून गेली, त्यांची घरं उभी राहिली. एका माणसाच्या हातातली विद्या अशी किती चुली पेटवते, हे मी पाहिलं आहे. म्हणून शोरूममधल्या त्या उत्तरानं मला कसंनुसं झालं.

लूना नगरची

आता गोष्टीची दुसरी बाजू. 1972 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी पुण्यात बजाजची ‘चेतक’ स्कूटर आली. डाव्या मुठीत क्लच आणि मूठ पिळून गिअर. तिच्यासाठी लोकांनी पुढं वर्षानुवर्षं नंबर लावले, हुंड्यात मागितली. आणि त्याच 1972 मध्ये नगरमध्ये बनलेली ‘लूना’ बाजारात आली. पन्नास सी.सी.ची, पायडल मारून सुरू होणारी, इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या मोपेडवरून घेतलेली. तिला गिअर बदलणं नव्हतं आणि क्लचचा दांडाही नव्हता. मूठ पिळली की इंजिनाच्या गतीनं क्लच आपोआप धरायचा आणि गाडी निघायची.

ती काढली कायनेटिक इंजिनिअरिंगच्या हस्तीमल फिरोदिया यांनी. फिरोदिया घराणं नगरचं. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे 1946 ते 1952 या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. नगर–दौंड रस्त्यावर कायनेटिकचा कारखाना उभा राहिला आणि आमच्या गावातल्या शेकडो घरांत त्याचा पगार येऊ लागला. ड्रायव्हर लोक लूनाला हसत. अब्बा तिला ‘फटफटीची धाकटी बहीण’ म्हणत. पण दूधवाला, पोस्टमन, शिक्षिका, नर्स, कॉलेजची मुलगी यांना तिनं रस्त्यावर आणलं. गाडी शिकवायला उस्ताद लागत नव्हता, हाच तिचा गुण. सायकल येणारा माणूस दहा मिनिटांत लूना शिकायचा.

मग 1984 साली जपानच्या होंडाबरोबर ‘कायनेटिक होंडा’ आली. ती मध्य प्रदेशात पिथमपूरला बनत असे, पण नाव आमच्याच माणसांचं. बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर. गती वाढेल तसा पट्टा आपोआप लहानमोठ्या पुल्यांवर सरकायचा. पुढं 2001 पासून होंडाच्या ‘ॲक्टिव्हा’नं हीच वाट राजरस्ता करून टाकली. दुचाकीच्या परवान्यात ‘गिअरसह’ आणि ‘बिनगिअर’ असे दोन वेगळे प्रकार 1988 च्या मोटार वाहन कायद्यातच आहेत. चारचाकीला जे आज होतं आहे, ते दुचाकीच्या बाबतीत चाळीस वर्षांपूर्वी सुरू झालं होतं, आणि सुरू करणाऱ्यांत नगरची माणसं पुढं होती. आम्हाला मात्र त्याचं भान नव्हतं. मोठ्या गाडीचा गिअर कधी जाईल, असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर अब्बा हसले असते.

श्रीमंतांची चैन

परदेशात तो कधीच जायला लागला होता. अमेरिकेत जनरल मोटर्सनं 1939 साली ‘हायड्रा-मॅटिक’ नावाची आपोआप गिअर बदलणारी पेटी ओल्ड्समोबाइल गाडीत दिली. आज त्या देशात नव्या गाड्यांमध्ये गिअरच्या गाड्या शंभरात एक-दोनच उरल्या आहेत. इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला गिअरची गाडी चालवण्याचा परवाना मिळत नाही. त्याला वेगळी परीक्षा द्यावी लागते.

आमच्या नगरला या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी पाहायला मिळतात, त्या रणगाडा संग्रहालयात. 1994 साली लष्करानं ते उभारलं. तिथं भारताचा सेंच्युरियन आहे आणि 1965 च्या युद्धात पाकिस्तानकडे असलेला अमेरिकन पॅटनही आहे. पॅटनला आपोआप चालणारी पेटी, सेंच्युरियनला पाच गिअर आणि ते टाकणारा जवान. त्या युद्धात पॅटनची काय गत झाली ते आपण जाणतो. त्यावरून ‘गिअरवाला जिंकला’ असं कुणी म्हणू नये. लढाई गिअरपेटीवर ठरत नाही. पण यंत्र कितीही शहाणं झालं तरी ते चालवणारा आणि जमीन ओळखणारा माणूस लागतोच, एवढं तिथं उभं राहिलं की पटतं.

आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी फार काळ श्रीमंतांची चैन राहिली. तिची पेटी महाग, दुरुस्ती महाग, पेट्रोल जास्त पिणारी. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 गिऱ्हाइकाच्या हाती पडली, तीही चार गिअरची. ती घेऊन मध्यमवर्ग गाडी शिकला आणि चौकाचौकांत ‘हाफ क्लच’वर उभा राहून घामाघूम झाला.

कलाटणी 2014 साली मिळाली. त्या वर्षी फेब्रुवारीत मारुतीनं ‘सेलेरिओ’ गाडी आणली, तिच्यात एएमटी नावाची पेटी होती. ही युक्ती मोठी मजेची आहे. गिअरपेटी जुनीच, क्लचही जुनाच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर सरकवायचं काम माणसाऐवजी एक छोटं यंत्र करतं. म्हणजे गाडीच्या पोटात जणू एक न दिसणारा ड्रायव्हर बसवला. गिअरच्या मॉडेलपेक्षा किंमत साधारण चाळीस हजारांनी जास्त, आणि पेट्रोलचा खर्च जवळजवळ तितकाच. आपली ॲम्बेसेडर बंद झाली तीही त्याच 2014 च्या मे महिन्यात. एक दार लागलं आणि दुसरं उघडलं, ते एकाच वर्षी.

आपाची गाडी

आता घरची गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, 1966 ची. दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. डावा पाय गेला. शिकली मात्र जिद्दीनं, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. 1990 साली तिनं स्वतःच्या पगारातून कायनेटिक होंडा घेतली आणि मागं दोन जादा चाकं बसवून घेतली. त्या चार चाकांवर तिनं पंचवीस वर्षं नोकरी केली.

पण मोटार तिला कुणी शिकवली नाही. अब्बांनी मोहल्ल्यातल्या पोरांना शिकवलं, मला शिकवलं, भावाला शिकवलं. आपानं एकदा विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बेटा, क्लच डाव्या पायाचा असतो.” यात दुष्टावा नव्हता. त्यांच्या जगात ते सूर्य पूर्वेला उगवतो इतकं साधं सत्य होतं.

माझा एक कवितासंग्रह आहे, त्यात अब्बांच्या गिअरच्या दांड्यावर एक कविता आहे. मुशायऱ्यात, संमेलनांत तिला टाळ्या मिळत. एकदा आपा श्रोत्यांत बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, “कविता चांगलीय तुझी. पण त्या दांड्याला मला कधी हात लावायला मिळाला नाही रे.” त्यानंतर ती कविता मी सहसा वाचत नाही.

2016 साली, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, आपानं एएमटीची छोटी गाडी घेतली. वैद्यकीय दाखला, शिकाऊ परवाना, मग परीक्षा, सगळं रीतसर केलं. दोन पायडलांची गाडी. दोन्ही उजव्या पायाची. डाव्या पायाला काम नाही. परवाना हातात आल्यावर पहिल्या रविवारी ती म्हणाली, अब्बांना घेऊन करंजी घाटापर्यंत जाऊन येऊ.

अब्बा तेव्हा अठ्ठ्याहत्तरचे. त्यांचाही डावा गुडघा तोवर कामातून गेला होता. चव्वेचाळीस वर्षं जड क्लच दाबून तो झिजला, असं तेच म्हणत. ते पुढं आपाशेजारी बसले, मी मागं. भिंगार ओलांडलं, गाडीनं वेग घेतला, आणि मला दिसलं की अब्बांचा डावा पाय दर थोड्या वेळानं खालची चटई दाबतोय. इंजिनाचा आवाज चढला की पाय दाबला जायचा. एएमटी गाडी गिअर बदलताना क्षणभर रेंगाळते, तेवढ्यात त्यांचा क्लच दाबून झालेला असे. थोड्या वेळानं न राहवून त्यांनी आमच्या नगरी दख्खनीत विचारलं, “ये गेअर कौन डाल रहा?”

“गाडीच डालरी, अब्बा.”

ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “देर से डालती. पर डालती बराबर.”

घाटाचा उतार लागला. आपा ब्रेकवर ब्रेक मारू लागली. अब्बा सावरून बसले. “ब्रेक मत दबा. दो में डाल. इंजन कू पकडने दे.” आपाला वाटलं, यात कुठं आला दुसरा गिअर? पण त्या गाडीत दांडा बाजूला सरकवून गिअर आपल्या मर्जीनं ठेवायची सोय असते, पुस्तकात लिहिलेली, कुणी न वापरणारी. तिनं तो सरकवला, समोर दोनचा आकडा आला. इंजिन गुरगुरलं, गाडीला पकड आली, आणि ब्रेकवरचा पाय उचलला तरी ती आपल्या चालीनं उतरू लागली. अब्बा म्हणाले, “हां. अब चली गाडी.”

करंजीला आम्ही चहा घेतला. गाडीला पाठ टेकून उभे असलेले अब्बा आपाला म्हणाले, “मेरे कू लगा था, तेरे कू कभी सिखाने का नई आयेगा.” त्याहून जास्त काही ते बोलले नाहीत. 2019 मध्ये ते गेले. पण त्या रविवारी त्यांनी आपला शेवटचा शागीर्द तयार केला, आणि तो क्लच नसलेल्या गाडीवर.

पुन्हा पुणे–नगर

1 जून 2022 रोजी एसटीनं पंचाहत्तराव्या वर्षात पाऊल टाकलं. त्या दिवशी महामंडळानं आपली पहिली विजेवरची बस सुरू केली. नाव ‘शिवाई’, आणि मार्ग मुद्दाम तोच निवडला, पुणे–नगर. 1948 मध्ये ज्या रस्त्यावर बेडफर्ड कर्रकर्र करत गिअर बदलत गेली, त्याच रस्त्यावर ही गाडी आवाज न करता निघाली.

विजेच्या मोटरीला पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाची ती खोड नसते. उभ्या जागी, पहिल्या फेऱ्यालाच तिच्यात पूर्ण ओढ असते. त्यामुळे गिअर बदलायची गरजच पडत नाही. एएमटीमध्ये गिअर असतात, फक्त ते कुणी दुसरा टाकतो. इथं टाकायलाच काही नाही. विजेच्या जवळपास सगळ्या मोटारी अशाच आहेत. बजाजची चेतक 2020 साली परत आली ती विजेवर आणि बिनगिअरची. आमची लूनाही फेब्रुवारी 2024 मध्ये ‘ई-लूना’ म्हणून परतली; ती काढणाऱ्या कायनेटिक ग्रीनचा कारखाना आमच्याच जिल्ह्यात, सुप्याला आहे. गंमत पाहा, बिनगिअरची गाडी देशाला देणारी जुनी कायनेटिक इंजिनिअरिंग मधल्या काळात नगरला गिअर, शाफ्ट आणि गिअरपेट्याच बनवू लागली होती.

आजही आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत गिअरच्याच जास्त आहेत. पण महागड्या मॉडेलांतून गिअर एकेक करून काढता पाय घेतो आहे. शिर्डीच्या रस्त्यावर रोज दिसणाऱ्या इनोव्हाचंच घ्या. 2022 च्या अखेरीस आलेली नवी हायक्रॉस फक्त ऑटोमॅटिक. आणि 2023 मध्ये जुनी क्रिस्टा पुन्हा आणली, ती फक्त डिझेलची आणि फक्त गिअरची. मालक स्वतः चालवणार ती बिनगिअरची, पगारी ड्रायव्हर चालवणार ती गिअरची, अशी वाटणी होताना दिसते. म्हणजे आरामही आधी मालकाच्याच पायाला मिळतो. म्हणून एसटीच्या ड्रायव्हरचा डावा पाय शिवाईत मोकळा झाला, याचं मला विशेष वाटतं. दिवसभरात हजारदा क्लच दाबणाऱ्या माणसाचा गुडघा मी घरात पाहिला आहे.

काय राहावं?

मी कवी आहे, त्यामुळे गेलेल्या वस्तूंवर जीव लावायची सवय आहे. शिवाय भाषेत वस्तू लवकर मरत नाहीत. तेलाचा बैलघाणा गेला तरी ‘घाण्याचा बैल’ बोलण्यात आहेच. तसा ‘प्रचार टॉप गिअरमध्ये आला’ हा मथळा आणखी पन्नास वर्षं छापला जाईल, मग वाचणाऱ्यानं गिअर पाहिलेला असो वा नसो.

पण दांड्याबरोबर एक गोष्ट जायला नको असं मला मनापासून वाटतं. गिअर टाकताना माणसाला रस्ता वाचावा लागे. पुढं चढ आहे, भार किती आहे, इंजिन दमलंय का, उतारावर कोण सांभाळणार, याचा विचार आधी करावा लागे. ऑटोमॅटिक गाडीनं तो विचार आपल्यासाठी करायला घेतला, आणि सपाट रस्त्यावर ती तो आपल्याहून चांगला करते. घाटात मात्र तिला समोरचं वळण कळत नाही, आपल्याला कळतं. आज माळशेजच्या उतारावर ब्रेकच्या वासानं थांबलेल्या चकचकीत गाड्या दिसतात. त्यांच्या दांड्याशेजारी ‘एम’ किंवा ‘एल’ असं अक्षर असतं. ते कशासाठी आहे, हे गाडी देताना कुणी सांगत नाही. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलनी एक दिवस त्यासाठी राखून ठेवावा, एवढी माझी साधी सूचना आहे. क्लचची विद्या गेली तर जाऊ द्या. उताराची विद्या राहायला हवी.

तर शेवटी आम्ही काय केलं? मुलीनं ऑटोमॅटिकच घेतली. शोरूममधून गाडी काढताना नारळ फोडला, पेढे वाटले. तिला घाट शिकवायला मी जातो म्हणालो, तर ती म्हणाली, “तुम्ही नको अब्बा. तुम्ही मागं बसून कविता करता. मी फूफीला सांगितलंय.”

गेल्या रविवारी दोघी करंजीला गेल्या होत्या. आपा शेजारच्या सीटवर बसली होती. परत आल्यावर मुलगी तिची नक्कल करून दाखवत होती, “दो में डाल. इंजन कू पकडने दे.” विजेची नाही ना ही गाडी, पेट्रोलची आहे, इंजिन अजून आहे, तोवर हे वाक्य चालेल. पुढच्या गाडीला कदाचित इंजिनही नसेल. तेव्हा उतारावर काय म्हणायचं, ते त्या दोघी ठरवतील.